सल्ल्याआधीचा हिशेब : एक कविता आणि एक निर्णय

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्याच्या किनारपट्टीवर असलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या एका विद्यार्थ्याने, आपण दिवाळीनंतर वर्गात येणार नाही, असे वर्गशिक्षिकेला सांगितले. जवळच्या बंदरावरच्या एका नाखव्याने, म्हणजे मासेमारी बोटीच्या मालकाने, त्याला खलाशी म्हणून घ्यायचे कबूल केले होते आणि हंगामाची उचल म्हणून १५,००० रुपये देऊ केले होते. आईचा याला ठाम विरोध होता. वडील हो किंवा नाही यांपैकी काहीच म्हणत नव्हते. शिक्षिकेने त्याच आठवड्यात वर्गात अभ्यासक्रमाबाहेरची एक कविता वाचली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘मदर टू सन’ या कवितेत एक आई आपल्या मुलाला, खडतर वाट असली तरी मागे फिरू नकोस, असे सांगते. मुलाला त्यातून उमेद मिळेल, अशी शिक्षिकेची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो अधिकच चिडला.

मुलाचे, कुटुंबाचे आणि गावाचे नाव येथे दिलेले नाही. शिक्षिकेने ठेवलेल्या वर्गनोंदी आणि आई व मुलगा यांच्याशी स्वतंत्रपणे झालेली बोलणी यांवर हे टिपण आधारलेले आहे. ‘धीर सोडू नकोस’ हा सल्ला आपल्या घरांत आणि शाळांत इतक्या वेळा दिला जातो की, तो कधी लागू पडतो आणि कधी पडत नाही, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. या प्रकरणात एका आईने एकच सल्ला एकाच मुलाला दोनदा दिला. पहिल्या वेळी तो वाया गेला आणि दुसऱ्या वेळी त्यावर निदान बोलणे होऊ शकले. मधल्या काळात घरची परिस्थिती एका रुपयानेही सुधारलेली नव्हती. सल्ल्याच्या आधी काय सांगितले गेले, एवढेच काय ते बदलले होते.

वाडी आणि कर्ज

कुटुंबाची वाडी आठ गुंठ्यांची. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात नाव आहे, आणि समुद्रालगतच्या रेताड जमिनीत पोफळी (सुपारीची झाडे), माड, मधूनमधून केळी व जायफळ आणि पोफळीवर चढवलेली मिरवेल अशी लागवड या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या वाडीत शंभराच्या आसपास पोफळी होत्या आणि त्यांपैकी बहुतेक मुलाच्या आजीने लावलेल्या होत्या. वडील मुंबईत एका छापखान्यात कामाला होते. २०२०च्या टाळेबंदीत छापखाना बंद पडला आणि मे महिन्यात ते गावी परतले. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन–दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. संध्याकाळी वाडीत नऊ पोफळी उभ्या होत्या, आणि चौदांपैकी सहा माड.

पोफळीचे नुकसान भाताच्या नुकसानीप्रमाणे एका हंगामापुरते नसते, हे घाटावरच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. रोप लावल्यापासून ते फळ धरेपर्यंत साधारण पाच ते सात वर्षे जातात. शिवाय पोफळीचे कोवळे रोप कडक ऊन सोसत नाही, त्याला सावली लागते, आणि वाडी भुईसपाट झाली की सावली धरणारी झाडेच उरलेली नसतात. त्यामुळे आधी केळी लावायच्या, त्या वाढल्या की त्यांच्या आडोशाला सुपारीची रोपे घालायची, असा क्रम पाळावा लागतो. या कुटुंबाने २०२०चा पावसाळा सरल्यावर केळी लावल्या. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले तेव्हा त्या सगळ्या आडव्या झाल्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा केळी लागल्या. म्हणजे मुलगा ज्या ऑक्टोबरमध्ये कॉलेज सोडण्याचे ठरवत होता, त्या वेळी वाडीतून सुपारीचा पैसा येण्याची लवकरात लवकरची शक्यता २०२७च्या पुढची होती.

सरकारी भरपाईचा हिशेब सुरुवातीला हेक्टरी दराने होत होता. हेक्टरात सुमारे १०० गुंठे धरले तर आठ गुंठ्यांच्या वाट्याला काय येणार, हे बोटांवर मोजूनही कळते. पडलेली झाडे तोडणे, बुंधे उपसणे आणि जमीन मोकळी करणे यांची मजुरी मात्र झाडागणिक द्यावी लागत होती. पतसंस्थेकडून दागिने तारण ठेवून कर्ज काढण्यात आले. कर्ज काढले आहे एवढेच मुलाला ठाऊक होते. ते किती, कोणत्या अटींवर आणि कधीपर्यंतचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आईचे एक वाक्य

आईचा सल्ला एका वाक्याचा होता : ‘काही झालं तरी शिक्षण सोडायचं नाही.’ हे वाक्य ती वादळाच्या आधीही म्हणत असे आणि नंतरही तेच म्हणत राहिली. मुलाच्या बाजूने पाहिले तर यातली अडचण ध्यानात येते. वादळापूर्वी आणि वादळानंतर अक्षरशः तेच वाक्य ऐकू येत असेल, तर बोलणाऱ्याला वादळ दिसलेलेच नाही, असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. अकरावीचे संपूर्ण वर्ष ऑनलाइन गेले होते. वादळानंतर कित्येक आठवडे गावात वीज नव्हती आणि त्यानंतरही मोबाइलला धड रेंज येत नव्हती. ज्या शिक्षणाला चिकटून राहायचे, ते वर्षभर त्याच्यापर्यंत फारसे पोहोचलेलेच नव्हते.

घरातल्या मोठ्यांनी आकडा का लपवला, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे, विशेषतः मुंबईच्या पगारावर चालणाऱ्या कोकणातल्या घरांत, पैशाची ओढाताण मुलांपासून दूर ठेवणे हीच माया समजली जाते. मुलांच्या कानावर बातमी जाते ती यश आल्यावर, नोकरी लागल्यावर किंवा घर बांधून झाल्यावर. मधला काळ सांगण्याची पद्धत नाही. आईने शिक्षिकेला पुढे सांगितले त्याप्रमाणे, ‘पोराच्या डोक्याला ताप नको’ एवढाच तिचा विचार होता.

परिणाम उलटा झाला. आकडा न कळल्यामुळे मुलाने तो स्वतःच ठरवला. दोनदा पडलेली वाडी, बंद झालेला पगार आणि आईच्या गळ्यातून गेलेले मंगळसूत्र यांवरून त्याने अंदाज बांधला की कर्ज दीड लाखाच्या घरात असणार आणि दिवाळीनंतर पतसंस्था दागिने लिलावात काढणार. हा अंदाज त्याने कोणाला बोलून दाखवला नाही. तो बंदरावर गेला आणि नाखव्याशी बोलून आला.

पहिले वाचन

शिक्षिका मराठी शिकवते. कवितेची मूळ इंग्रजी प्रत तिने फळ्यावर उतरवली, अर्थ मराठीत सांगितला आणि वर्गाला विचारले की ही आई मुलाला काय सांगते. उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली : कष्ट करावेत, हार मानू नये, संकटांना सामोरे जावे. कवितेत आयुष्य म्हणजे एक जिना आहे आणि आई म्हणते की तो जिना स्फटिकाचा नव्हता. ‘आमच्या घरात माळ्यावर जायला शिडी आहे, मॅडम,’ असे एकजण म्हणाला आणि वर्ग हसला. शिक्षिकेच्या नोंदीत हे वाक्य आहे आणि ते तिने गांभीर्याने लिहिले आहे, कारण मुलांना जिना ही कल्पना परकी वाटली तरी त्या जिन्यातले अंधाराचे ठिकाण कोणालाच समजावून द्यावे लागले नाही. जिथे दिवा नव्हता तिथेही मी चालत राहिले, अशा अर्थाची ओळ आली तेव्हा वर्गातल्या जवळपास प्रत्येकाला जून २०२०च्या रात्री आठवल्या.

हा मुलगा मागच्या बाकावर होता. तो म्हणाला, ‘मॅडम, जिना मोडका असेल तर चढता येतो. पडलाच असेल तर?’ शिक्षिकेने उत्तर दिले की मोडक्या फळ्यांचा उल्लेख कवितेत आहेच. त्यावर तो म्हणाला, ‘घरीही हेच सांगतात. हेच परत इथे ऐकायला यायचं का?’ आणि तास संपण्याआधी तो उठून गेला.

त्याचा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. त्या तासाला कविता ज्या पद्धतीने मांडली गेली, त्या पद्धतीने ती शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारापेक्षा वेगळी उरत नव्हती. सुविचाराला ऐकणाऱ्याचे घर माहीत नसते, आणि या मुलाला नेमके त्याच गोष्टीचे दुःख होते.

वीस ओळी

शिक्षिकेने त्या रात्री कविता पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळेच काम दिले : कवितेत उपदेशाच्या ओळी किती आहेत, ते मोजा.

कविता वीस ओळींची आहे. पहिल्या ओळीत आई मुलाला, ऐक, तुला सांगते, असे म्हणते. दुसरीत तो जिना येतो. तिसरीपासून सातवीपर्यंत जिन्यातले दोष एकेक करून सांगितले आहेत : वर आलेले खिळे, लाकडाच्या कुसळ्या, उखडलेल्या फळ्या, जाजम नसलेल्या जागा. सातवी ओळ तर एकाच शब्दाची आहे आणि तो शब्द म्हणजे त्या जमिनीचे उघडेपण. आठवीपासून तेरावीपर्यंत ती सांगते की या सगळ्यात आपण चढतच होतो, मधल्या थांब्यांवर पोहोचत होतो, वळणे घेत होतो आणि कधी अंधारातूनही जात होतो. ‘म्हणून’ या अर्थाचा शब्द येतो तो थेट चौदाव्या ओळीत. चौदा ते सतरा या चार ओळींत तीन नकार आहेत : मागे फिरू नकोस, कठीण वाटते म्हणून पायरीवर बसू नकोस, आता पडू नकोस. उरलेल्या तीन ओळींत ती पुन्हा स्वतःकडे येते. मी अजून चालते आहे, अजून चढते आहे, असे म्हणून ती दुसऱ्या ओळीचीच गोष्ट पुन्हा सांगते आणि थांबते.

म्हणजे वीसपैकी चार ओळी उपदेशाच्या, आणि त्याही बारा ओळींचा जमाखर्च मांडून झाल्यावर. या प्रमाणात मला या कवितेचे खरे बळ दिसते, आणि ती सुविचारासारखी वापरली की नेमके तेच हरवते. आई आधी आपली वही उघडून दाखवते आणि मग मागणी करते. तिची मागणी टिकते, कारण ती स्वतः अजून त्याच जिन्यावर आहे, वर पोहोचून खाली पाहत बोलत नाही. वर काय आहे, हेही ती कुठे सांगत नाही. कष्टाचे फळ गोड, असे वचन या कवितेत नाही. मुलालाही कवितेत एकही शब्द नाही. त्याने काय विचारले होते किंवा काय करायचे ठरवले होते, हे वाचकाला कळत नाही.

वर्गातल्या एका मुलीने आणखी एक गोष्ट हेरली. आई पायरीवर बसू नकोस म्हणते, पण त्याआधी स्वतः थांब्यांवर पोहोचल्याचे सांगते. ‘म्हणजे दम खायची जागा आहे, मॅडम. पायरीवर बसणं वेगळं आणि थांबा वेगळा.’ पुढच्या साऱ्या चर्चेत हा भेद उपयोगी पडला. आता प्रश्न असा झाला की समुद्रावरचा एक हंगाम हा थांबा धरायचा की माघार.

आईची वही

त्या शनिवारी संध्याकाळी शिक्षिका मुलाच्या घरी गेली. ओटीवर आजी, वडील, आई आणि मुलगा बसलेले होते. आईने लगेच सुरुवात केली, ‘मॅडम, तुम्हीच समजवा आता त्याला. माझं ऐकत नाही.’

शिक्षिका म्हणाली, ‘आज मी काही समजावणार नाही. वादळानंतर तुम्ही काय काय केलंत, ते त्याला सांगा. त्याने काय करायचं, ते नंतर बघू.’

‘त्याला काय सांगायचं? तो इथंच होता की.’

‘मी होतो,’ मुलगा म्हणाला, ‘पण मला काही माहीत नाही.’

आईने थोडा वेळ वडिलांकडे पाहिले, मग आत जाऊन कपाटातून एक वही आणली. सप्टेंबर २०२०पासूनचा खर्च तीत लिहिलेला होता. कर्ज ६०,००० रुपयांचे होते. त्यांपैकी २२,००० रुपये झाडे तोडण्याच्या आणि बुंधे काढण्याच्या मजुरीत गेले, १८,००० छपराच्या पत्र्यांवर, ७,००० विहिरीवरच्या पंपाच्या दुरुस्तीवर, आणि बाकीचे केळीच्या कंदांत व घरखर्चात. हप्ता महिना २,१०० रुपयांचा होता. २०२१च्या एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांचे हप्ते, दुसऱ्या टाळेबंदीत काम न मिळाल्यामुळे, राहिले होते. त्यासाठी पतसंस्थेत जाऊन तिने मार्चपर्यंतची मुदत मागून घेतली होती आणि ती मिळालीही होती. दागिन्यांच्या लिलावाची नोटीस आलेली नव्हती. दिवेआगरला पर्यटकांच्या एका घरगुती खानावळीत ती भांडी आणि भाकऱ्यांच्या कामाला जात होती, हे मुलाला माहीत होते. त्या कामाचा जवळजवळ सगळा पैसा हप्त्यात जातो, हे माहीत नव्हते.

यानंतर तिने जे सांगितले, ते वहीत नव्हते. मे महिन्यात वाडी दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिने आपल्या भावाला फोन करून वाडीला गिऱ्हाईक बघायला सांगितले होते. गिऱ्हाईक आलेही होते, मुंबईचे, कॉटेज बांधायला जागा शोधणारे. ‘मी विकायलाच निघाले होते,’ ती म्हणाली. सातबाऱ्यावर आजीचे नाव होते आणि आजीने सही द्यायला नकार दिला. आजी ओटीवर बसूनच म्हणाली, ‘मी काय शहाणपणानं नाही म्हटलं नव्हतं. मला राग आला होता, म्हणून नाही म्हटलं.’

शिक्षिकेच्या नोंदीप्रमाणे मुलगा बराच वेळ वहीची पाने उलटत होता आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न हा होता : ‘मार्चपर्यंत म्हणजे मार्चच्या सुरुवातीला की शेवटी?’

या प्रश्नातच दोन सल्ल्यांमधला फरक आहे. आधीचा सल्ला मान्य किंवा अमान्य करण्यापलीकडे मुलाला काही करता येत नव्हते. आता त्याच्या हातात रक्कम होती, हप्ता होता, मुदत होती आणि आईही एकदा मागे फिरायला निघाली होती, ही माहिती होती. चिकाटीची मागणी करणारी व्यक्ती स्वतः कधी डगमगलीच नाही, असे ऐकणाऱ्याला वाटले तर ती मागणी त्याला अंगाबाहेरची वाटते. आईने वाडी विकायला निघाल्याचे सांगितले, त्यामुळे तिच्या सल्ल्याचे वजन कमी झाले नाही, हे मुलाने पुढे स्वतःच सांगितले. त्याच्या मते त्या संध्याकाळचे तेच एक वाक्य ऐकण्यासारखे होते. पतसंस्थेचे आकडे ऐकून त्याला, त्याच्याच शब्दांत, ‘सुटल्यासारखं’ वाटले, पण त्याने निर्णय बदलला तो त्या वाक्यामुळे.

कवीचे कॉलेज

दरम्यान शिक्षिकेने कवीविषयी वाचले आणि ती काहीशी अडचणीत आली. ही कविता डिसेंबर १९२२मध्ये ‘द क्रायसिस’ या मासिकात छापली गेली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेचे ते मुखपत्र होते आणि डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस त्याचे संपादक होते. त्या वेळी ह्यूज यांनी नुकतीच विशी ओलांडलेली होती. १९२१मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. ह्यूज यांनी अभियांत्रिकी शिकावी, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. एका वर्षानंतर, म्हणजे १९२२मध्येच, ह्यूज यांनी कोलंबिया सोडले. १९२३मध्ये ते मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून पश्चिम आफ्रिकेला गेले.

मागे फिरू नकोस, असे आईच्या तोंडून वदवणारी कविता ज्या वर्षी छापून आली, त्याच वर्षी ती लिहिणाऱ्याने कॉलेज सोडले होते आणि पुढच्या वर्षी तो जहाजावर होता. हे त्या मुलाला सांगावे की नाही, असा शिक्षिकेपुढे प्रश्न होता. तिने सांगितले, आणि सोबत उरलेली हकीकतही सांगितली की ह्यूज यांनी पुढे पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२९मध्ये पदवी पूर्ण केली. मधल्या काळात त्यांचे लेखन थांबले नव्हते. ही कविता समाविष्ट असलेला त्यांचा पहिला संग्रह १९२६मध्ये प्रसिद्ध झाला.

यामुळे कवितेचा अर्थ पातळ झाला असे मला वाटत नाही, उलट तो नेमका झाला. कवितेतली आई कोणत्याही एका संस्थेचे नाव घेत नाही. ती दिशा सांगते, मार्ग सांगत नाही. कॉलेज सोडणे म्हणजे मागे फिरणेच, ही जोड कवितेने घातलेली नाही. ती आपण घालतो, कारण आपल्याला सल्ला सोपा हवा असतो. मुलाने मात्र या माहितीचा आपल्या सोयीचा अर्थ लावला, हेही नोंदवले पाहिजे. ‘म्हणजे मी पण आधी बोटीवर जाऊन मग शिकू शकतो,’ असे तो म्हणाला. सतरा नंबरचा फॉर्म भरून नंतर बाहेरून बारावी देता येते, हे त्याला माहीत होते. शिक्षिकेला हेही माहीत होते की ‘नंतर देतो’ म्हणून गेलेल्यांपैकी फार थोडे परत येतात.

उचल न घेता

शेवटी निर्णय ठरला तो उचलीच्या स्वरूपावरून. पावसाळ्यातील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, आणि उचल घेतलेला खलाशी सहसा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे ३१ मेपर्यंत, त्या बोटीला बांधलेला राहतो. मधेच सोडायचे तर घेतलेले पैसे परत करावे लागतात, आणि घरात गेलेले पैसे परत करणे कोणालाच जमत नाही. बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. उचल घेतली की परीक्षा आपोआप गेली, मग मनात कितीही इच्छा असो. आजवर वडील गप्प होते. इथे ते पहिल्यांदा बोलले : ‘काम कर, पण कोणाचे पैसे आधी घेऊ नको.’

मुलाने बंदरावर पहाटेचे काम धरले. बोटी लागल्या की बर्फ आणायचा, मासळी निवडायची, लिलावाच्या वेळी टोपल्या हलवायच्या. बोटी आल्या त्या दिवशी ३०० रुपये मिळत आणि नाही आल्या तर काही नाही. साडेदहाला तो वर्गात येई, पुष्कळदा झोपाळलेला, आणि कधी कधी येतही नसे. थकलेले तीन हप्ते फेब्रुवारीपर्यंत भरले गेले. २०२२च्या मार्च–एप्रिलमध्ये त्याने परीक्षा दिली आणि तो ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाला.

त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याने उचल घेतली आणि तो बोटीवर गेला. त्याच वर्षी त्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.साठी नाव घातले. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले. कर्ज २०२३मध्ये फिटले आणि दागिने घरी आले. केळींच्या आडोशाला सुपारीची रोपे लागली आहेत. आईच्या मते मुलाचे शिक्षण अर्धवट राहिले आणि दोष तिच्याकडे जातो, कारण तिने वही दाखवली नसती तर तो निदान पूर्णवेळ शिकला असता. मुलाच्या मते वही दाखवली नसती तर त्याने ऑक्टोबरमध्येच उचल घेतली असती आणि बारावीही झाली नसती. दोघांनीही मला हे वेगवेगळ्या वेळी, पण सारख्याच खात्रीने सांगितले. मला मुलाचे म्हणणे पटते, कारण नाखव्याशी त्याचे बोलणे वही उघडण्याच्या आधीच झालेले होते.

वर्गातली दुसरी अनुपस्थिती

त्याच वर्गातली एक मुलगी जुलैपासूनच येईनाशी झाली होती. तिच्या घरची वाडीही पडली होती. ती कोलंबी सोलायच्या कामाला जात होती आणि दिवाळीनंतर तिचे लग्न ठरले. तिच्या घरी कोणी गेले नाही. शिक्षिकेने हे स्वतःहून सांगितले आणि त्याचे कारणही सांगितले : मुलाने कॉलेज सोडणे ही घटना वाटली, तर मुलीने सोडणे हे ठरलेलेच वाटले. कविता आईने मुलाला सांगितलेली आहे. मुलीला काय सांगायचे, याचा विचार त्या वर्षी कोणाच्या मनात आला नाही.

२०२२–२३पासून शिक्षिका ही कविता आधी पालकसभेत वाचते आणि ओळी मोजायला सांगते. पालकांचा आक्षेप दरवर्षी तोच असतो की, सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कर्जाचा आकडा कळला तर तो उद्याच बंदरावर जाईल. ती त्यांना या मुलाची हकीकत, नाव न घेता, सांगते : आकडा न कळल्यामुळेच तो गेला होता. हे उत्तर बहुतेकांना पटते. परंतु नंतरच्या एका वर्षी एका घरात आकडा सांगितला गेला आणि तो खरोखरच मोठा होता. कर्जाखेरीज वडिलांच्या आजारपणाचा खर्चही त्यात होता. त्या मुलाने वही पाहिली, दोन दिवस विचार केला आणि कॉलेज सोडले. शिक्षिका त्याच्याही घरी गेली, वही तिनेही पाहिली, आणि त्याला थांबवावे असे काही तिला त्या वहीत सापडले नाही. तिने त्याला सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती लिहून दिली आणि त्याच्या आईला, पुढच्या वर्षीच्या मुदतीआधी आठवण करायला मी येईन, असे सांगितले.